मॉडेल रॉकेट्रीची छपाई थांबलेली पुस्तकं: शोधाच्या नोंदी

६ जानेवारी

मॉडेल रॉकेट्री, म्हणजे छोटी रॉकेटं बांधून उडवायचा छंद. त्यावरच्या, आता छापल्या न जाणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच यादीत कोंबल्या होत्या, ती आज तीन भागांत फोडली. पुस्तकं, कंपन्यांनी छापलेली पातळ तांत्रिक टिपणं आणि नियतकालिकं. तिन्हींचा माग वेगवेगळ्या जागी लागतो. पुस्तकं ग्रंथालयांच्या सूचीत असतात, टिपणं बहुधा नसतात, आणि नियतकालिकं सूचीत दिसली तरी कोणते अंक हाताशी आहेत ते कळत नाही.

पुस्तकांत सध्या एवढी: जी. हॅरी स्टाइन यांचं 'हँडबुक ऑफ मॉडेल रॉकेट्री' (पहिली आवृत्ती १९६५, फॉलेट, शिकागो), कॅप्टन बर्ट्रांड ब्रिन्ली यांचं 'रॉकेट मॅन्युअल फॉर अमॅच्युअर्स' (बॅलन्टाइन, १९६०), मँडेल, कॅपोरासो आणि बेंगेन यांचं 'टॉपिक्स इन अ‍ॅडव्हान्स्ड मॉडेल रॉकेट्री' (एमआयटी प्रेस, १९७३), पीटर ऑलवे यांची 'रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड' (१९९३) आणि 'रेट्रो रॉकेट्स' (१९९६). टिपणांत एस्टीज आणि सेंच्युरी (Centuri) या मॉडेल रॉकेटं विकणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या मालिका: एस्टीजची टीआर (टेक्निकल रिपोर्ट) आणि सेंच्युरीची टीआयआर (टेक्निकल इन्फर्मेशन रिपोर्ट). नियतकालिकांत 'मॉडेल रॉकेट्री', नोव्हेंबर १९६८ ते फेब्रुवारी १९७२.

ब्रिन्ली यांचं पुस्तक यादीत आहे, पण त्याच्यापुढे लाल खूण. ते मॉडेल रॉकेट्रीचं पुस्तक नाही. त्यातली रॉकेटं धातूच्या नळीची आहेत आणि जस्त-गंधकासारखं इंधन हाताने भरायचं आहे. ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये कागदी नळी, बाल्सा लाकूड आणि एकदाच वापरून टाकायची तयार मोटर असा जो मार्ग काढला, तोच या धोक्यातून बाहेर पडायचा रस्ता ठरला. त्यामुळे ब्रिन्ली फक्त इतिहास म्हणून वाचायचं, त्यातलं काहीही करून बघायचं नाही. विक्रेते मात्र दोन्ही पुस्तकं एकाच शब्दाखाली टाकतात, म्हणून शोधताना फरक माहीत हवा.

११ जानेवारी

नुसतं 'हँडबुक' शोधून भागत नाही, कोणती आवृत्ती हवी ते आधी ठरवावं लागतं.

१९६५ ची पहिली फॉलेटची. चौथी (१९७६) पण फॉलेटचीच. पाचवी १९८३ ला आर्कोकडून, सहावी १९९४ ला वायलीकडून आणि सातवी २००४ ला वायलीकडूनच, तिच्यात बिल स्टाइन सहलेखक. म्हणजे एका नावाखाली चाळीस वर्षांची छपाई आणि तीन प्रकाशक.

हवी ती आवृत्ती प्रकरणावरून ठरते. दाबकेंद्र (हवेचा एकूण जोर रॉकेटवर जिथे लागतो तो बिंदू) काढायची बॅरोमन यांची पद्धत १९६६ ची. तेव्हा १९६५ च्या प्रतीत ती असूच शकत नाही. तिथे स्थिरतेसाठी पुठ्ठ्यातून रॉकेटची बाजूची आकृती कापून ती बोटावर तोलायची जुनी पद्धत अपेक्षित धरायची. ही पद्धत दाबकेंद्र खऱ्या जागेपेक्षा पुढे दाखवते, म्हणून सुरक्षित, पण त्यापायी नाकात नको इतकं वजन भरलं जातं. ज्याला समीकरणं हवीत त्याने पहिली आवृत्ती धुंडाळण्यात वेळ घालवू नये. ज्याला इतिहास हवा त्याला सातवी उपयोगाची नाही.

बॅरोमन यांचं मूळ लेखन पुस्तकांच्या बाजारात शोधायचं कारणच नाही. १९६७ चा प्रबंध नासाच्या तांत्रिक अहवालांच्या संग्रहात स्कॅन करून ठेवलेला आहे. कार्लाइल यांचं पेटंट (अमेरिकी क्रमांक २,८४१,०८४, १ जुलै १९५८) पण पेटंटच्या नोंदीत मोफत मिळतं. दोन्ही उतरवून घेतली, यादीतून दोन ओळी खोडल्या.

१८ जानेवारी

आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाची तपासणी. विक्रेत्याच्या नोंदीत एखादा आकडा चुकलेला असला की शोध भलत्याच पुस्तकाकडे जातो, म्हणून प्रत्येक क्रमांक हाताने तपासायचं ठरलं. पद्धत एकदा इथे मांडून ठेवतो.

हँडबुकच्या सातव्या आवृत्तीचा दहा अंकी क्रमांक ०-४७१-४७२४२-५. यातला ४७१ हा वायलीचा. डावीकडून अंकांना १०, ९, ८ असं उतरत्या क्रमाने गुणायचं, शेवटच्याला १ ने. ०, ३६, ५६, ७, २४, ३५, ८, १२, ४, ५. बेरीज १८७. ११ ने भाग जातो (११ गुणिले १७), म्हणजे क्रमांक बरोबर. शेवटच्या जागी १० आलं तर तिथे रोमन दहाची खूण, 'एक्स', छापतात. अनेक जण ती गाळतात आणि मग नऊच अंक उरतात.

२००७ पासून तेरा अंकी क्रमांक चालू झाला. जुन्या क्रमांकापुढे ९७८ लावून चालत नाही, शेवटचा अंक नव्याने काढावा लागतो. ९७८०४७१४७२४२ या बारा अंकांना आलटून पालटून १ आणि ३ ने गुणलं तर बेरीज ९९ येते. पुढची दहाची पट १००, म्हणून शेवटचा अंक १. नोंदीत तेरा अंकी क्रमांकाच्या शेवटी ५ दिसला तर कुणीतरी फक्त ९७८ चिकटवलं आहे असं समजायचं.

१९६५ च्या आणि १९६० च्या पुस्तकांवर आयएसबीएन नाहीच, तो पुढे आला. एखाद्या विक्रेत्याने '१९६५ ची पहिली आवृत्ती' म्हणून आयएसबीएन दिला असेल तर त्याच्यासमोर नंतरची प्रत आहे, किंवा त्याने क्रमांक दुसरीकडून उचलला आहे. अशा पुस्तकांसाठी काँग्रेस ग्रंथालयाचा कार्ड क्रमांक कामाचा. त्या काळात त्याचे पहिले दोन अंक वर्षाचे असत, शीर्षकपानाच्या मागे छापलेले.

२६ जानेवारी

सूचीत शोध. एकच नाव किती तऱ्हांनी लिहिलं जातं त्याचा हिशेब आधी केला.

स्टाइन यांची नोंद काही सूचींत 'जी. हॅरी', काहींत 'जॉर्ज हॅरी' आणि १९२८–१९९७ या वर्षांसकट आहे. विज्ञानकथा त्यांनी ली कोरी या नावाने लिहिल्या. त्या नावाखाली आपलं काही नाही, पण सूची दोन्ही एकत्र दाखवते तेव्हा दचकू नये. स्टाइन यांचंच 'न्यू मॉडेल रॉकेट्री मॅन्युअल' (आर्को, १९७७) वेगळं पुस्तक आहे. 'मॅन्युअल' या शब्दावर शोधलं की ते, ब्रिन्ली आणि बाकी काय काय एकत्र येतं.

बेंगेन यांच्या नावावर गेलं तर निवृत्तीनंतरच्या पैशांवरची पुस्तकं उघडतात. ही सूचीची चूक नाही. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी ४ टक्के आणि पुढे तीच रक्कम महागाईनुसार वाढवत काढायचा नियम मांडणारे विल्यम बेंगेन हेच. आपल्याला त्यांचं रॉकेटवरचं एकच पुस्तक हवं.

विषयाने शोधायचं तर काँग्रेस ग्रंथालयाचं शीर्षक 'रॉकेट्स (एरोनॉटिक्स)' आणि त्याखाली 'मॉडेल्स'. 'मॉडेल रॉकेट्री' या शब्दावर अवलंबून राहिलं तर जुन्या नोंदी हुकतात. त्याच ग्रंथालयाच्या मांडणीत वर्ग टीएल ८४४. दशांश वर्गीकरणात ६२१.४३५६ खाली, पुढे ०२२८ जोडलेलं, म्हणजे नमुने व लघुरूपं. गंमत अशी की पुस्तक इंजिनांच्या कपाटात जातं, विमानांच्या नाही. लहान ग्रंथालयांत ते बरेचदा मुलांच्या विभागात असतं. कपाटासमोर उभं राहून शोधणार असाल तर तीन जागा बघाव्या लागतात.

रशियन पुस्तकांसाठी मूळ सिरिलिक लिपीत शोध टाकायचा. क्रोतोव यांचं मॉडेल रॉकेटांच्या रचनेवरचं पुस्तक (दोसाफ या सोव्हिएत संघटनेचं प्रकाशन, १९७९) रोमन अक्षरांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं, कारण प्रत्येक सूचीचा लिप्यंतराचा नियम वेगळा. मूळ लिपीत टाकलं की एकदाच आणि नेमकं येतं.

३ फेब्रुवारी

आंतरग्रंथालयीन देवघेवीची मागणी 'टॉपिक्स'साठी टाकली. विकत घ्यायच्या आधी हाच मार्ग. मागणीत पानं लिहिली नाहीत, अख्खं पुस्तक मागितलं, कारण सूत्रं एका प्रकरणात आणि चिन्हांचे अर्थ दुसरीकडे असले तर अर्धी प्रत निरुपयोगी. प्रकाशकाचा डिजिटल साठा पण तपासायचा, विद्यापीठांची मुद्रणालयं जुनी पुस्तकं तिथे टाकतात.

४ फेब्रुवारी

विक्रेत्यांकडचे कायमस्वरूपी शोध लावले. प्रत्येक पुस्तकासाठी एकच शोध ठेवला तर काही तरी हुकतं, म्हणून तीन: बरोबर शीर्षक, लेखकाचं आडनाव अधिक 'रॉकेट', आणि हेतुपुरस्सर चुकीचं स्पेलिंग. 'रॉकेटरी'त एक अक्षर कमी लिहिणारे खूप असतात, आणि ज्या पुस्तकाच्या नोंदीत चूक आहे ते बाकीच्या शोधकऱ्यांना दिसत नाही.

वजाबाकीचे शब्द पण हवेत. ब्रिन्लीच्या शोधातून 'मॅड सायंटिस्ट' वजा केलं नाही तर त्यांच्या मुलांच्या गोष्टींनी पान भरतं.

१५ फेब्रुवारी

प्रतींच्या दर्जाचे शब्द. इंग्रजी बाजारातला 'गुड' म्हणजे चांगली प्रत नव्हे. उतरता क्रम असा: फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. 'गुड' म्हणजे वापरलेली, झिजलेली, पण पानं सगळी. 'रीडिंग कॉपी' म्हणजे वाचता येईल एवढंच. 'एक्स-लायब्ररी' म्हणजे शिक्के, कार्डाचा खिसा, कण्यावर चिकटपट्टी. संग्राहक ही प्रत टाळतात. आमच्यासाठी ती चालते, एका अटीवर: ग्रंथालयातून काढून टाकल्याचा शिक्का हवा. तो नसेल तर प्रत परत न गेलेली असू शकते, विचारून घ्यायचं.

विक्रेत्याला पाठवायचा मजकूर ठरवला. पाच फोटो मागायचे: मुखपृष्ठ, शीर्षकपान, त्याची मागची बाजू, कणा उभा धरून, आणि शेवटचं छापील पान. शीर्षकपानाची मागची बाजू सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच पाठवायला लोक विसरतात. तिच्यावर हक्काची वर्षं, कार्ड क्रमांक आणि नंतरच्या पुस्तकांत मुद्रणाची अंकओळ असते: १० ९ ८ ७ ६ ५ ४ ३ २ १. त्यातला सगळ्यात लहान उरलेला अंक म्हणजे कितवं मुद्रण. १ दिसतोय तर पहिलं, ४ पर्यंतच अंक उरलेत तर चौथं.

त्यासोबत एकच प्रश्न: एकूण पानं मोजली का, आणि आकृत्यांची पानं कापलेली नाहीत ना? आकृत्यांचा प्रश्न या छंदात हमखास विचारायचा. पंखांचे नमुने पूर्ण मापात छापलेले असले की कुणीतरी कात्री चालवलेली असते. विक्रेता पुस्तक उलगडून बघत नाही, वरवर चाळतो.

२८ फेब्रुवारी

'हँडबुक १९६५' म्हणून मागवलेली प्रत आली. १९६५ ची नाही.

कारण सापडलं. शीर्षकपानाच्या मागे हक्काची वर्षं एकाखाली एक छापलेली आहेत, वर १९६५, खाली नंतरची. विक्रेत्याने वरचं वर्ष उचललं. नंतरच्या आवृत्तीत जुन्या मजकुराचा हक्क जुन्याच वर्षाचा राहतो, म्हणून ती ओळ छापलेली असते. आवृत्ती ठरवायची ती सगळ्यात शेवटच्या वर्षावरून आणि 'रिव्हाइज्ड' किंवा क्रमवाचक शब्दावरून. फोटो मागायच्या आधी ही प्रत मागवली होती. परत पाठवली. विक्रेत्याने नोंद दुरुस्त केली, पुढच्याचा फायदा.

आवृत्ती तपासायची आणखी एक खूण आतल्या मजकुरात: मोटरांची मापं. जुन्या साहित्यात जोर पौंडांत, नव्यात न्यूटनमध्ये. वर्ष फाटलेलं किंवा पुसलेलं असलं तरी मोटरांचा तक्ता ढोबळ काळ सांगतो.

७ मार्च

मोटरांच्या खुणांबद्दल स्वतंत्र नोंद हवी, कारण इथे खरोखर धोका आहे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या साहित्यात मोटरची खूण 'ए.८-३' अशी दिसते. मधला ठिपका म्हणजे दशांशचिन्ह. अर्थ: ए वर्ग, सरासरी जोर ०.८ पौंड, जळून झाल्यावर ३ सेकंदांनी छत्री बाहेर फेकणारा छोटा बार. ०.८ पौंड म्हणजे सुमारे ३.६ न्यूटन. आजची 'ए८-३' म्हणजे सरासरी ८ न्यूटन. मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर जुन्या कागदावरचा ठिपका हमखास खातं. ठिपका गेला की चुकीची खूण वेड्यावाकड्या अक्षरांसारखी दिसत नाही, आजच्या अस्सल मोटरसारखी दिसते. म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

मोटरचा वर्ग एकूण आवेगावरून (सरासरी जोर गुणिले जळायचा वेळ) ठरतो. वर्गांच्या मर्यादाही तेव्हा पौंड-सेकंदांत होत्या, आज न्यूटन-सेकंदांत आहेत (ए: १.२६ ते २.५०, बी: २.५१ ते ५.००, सी: ५.०१ ते १०.००). तेव्हा जुन्या आराखड्यातलं अक्षर बघून आजची मोटर उचलायची नाही. एकूण आवेग जुन्या तक्त्यातून घ्यायचा, ४.४४८ ने गुणायचा आणि मग आजचा वर्ग बघायचा.

नियम ठरला: स्कॅनचा मजकूर तयार झाला की मोटरांचे सगळे तक्ते मूळ पानाशी डोळ्यांनी ताडून बघायचे. एक जण वाचणार, दुसरा पानावर बोट ठेवणार. तक्ते थोडेच असतात, अर्ध्या तासाचं काम.

त्याच ओघात: जुन्या पुस्तकांतल्या वजनाच्या मर्यादा, १६ औंस रॉकेट आणि ४ औंस इंधन (४५३ आणि ११३ ग्रॅम), अमेरिकेच्या आजच्या नियमांत नाहीत. तिथे आता पहिल्या वर्गाच्या रॉकेटला १५०० ग्रॅम आणि इंधनाला १२५ ग्रॅम. जुन्या प्रतीतलं सुरक्षेचं प्रकरण वाचायचं, पाळायचा मात्र आपल्याकडचा चालू नियम.

१६ मार्च

टिपणांचा पहिला गठ्ठा. एस्टीजची टीआर-१ (स्थिरता), टीआर-१० (मॅलेविकी यांचे उंचीचे तक्ते), टीआर-११ (ग्रेगोरेक यांचं हवेच्या अडथळ्यावरचं). सेंच्युरीचं टीआयआर-३३, दाबकेंद्राच्या गणितावरचं, गठ्ठ्यात नाही. बाजारात ते एकटं क्वचित येतं. कॅटलॉग, कागदपत्रं, अर्धवट किट अशा मिसळीच्या पेटीत ते इतर कागदांखाली असतं, आणि विक्रेत्याच्या नोंदीत त्याचं नाव नसतं. म्हणून पेटीचे फोटो मोठे करून बघायचे आणि कोपऱ्यातला क्रमांक वाचायचा.

ही टिपणं मधोमध पिना मारून घडी केलेली. साठ वर्षांत पिना गंजतात, गंज कागदात उतरतो आणि भोकाभोवतालचा कागद कुरकुरीत होतो. पान जोरात उलटलं की पिनेपाशी तुटतं. काढायची पद्धत: टिपण मधल्या पानावर उघडून सपाट ठेवायचं. आतल्या बाजूला वळलेली पिनेची टोकं पातळ, बोथट पात्याने एकेक करून उभी करायची. पात्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवायची म्हणजे कागद खरवडत नाही. मग उलटं करून पाठीमागून पिन ओढायची, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या. गंजाला कागद चिकटला असेल तर ओढायचं नाही, पिन मधे कापून दोन तुकड्यांत काढायची.

परत बांधायला पिन नको. जुन्याच भोकांतून आणि मधे एका नव्या भोकातून सुती दोऱ्याची तीन टाक्यांची शिवण. सुई मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि गाठ मधल्या लांब टाक्यावर. गाठ घट्ट आवळली की दोरा कागद कापतो, तेव्हा बेताने.

फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावायची नाही. पट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, लावल्यावर वर टीपकागद आणि वजन ठेवून वाळवायची.

२३ मार्च

आणखी एक 'हँडबुक', चौथी आवृत्ती, आली. फोटो आधी मागितले होते, वर्ष बरोबर. पानं मोजली, बरोबर. कणा ताठ, पण उघडल्यावर मधोमध चर्रकन आवाज. कारण गोंदाची बांधणी: पानं शिवलेली नाहीत, कण्याला गरम गोंदाने चिकटवलेली आहेत आणि तो गोंद आता ठिसूळ. अशी प्रत कधीच १८० अंशांत उघडायची नाही. वाचताना ९० अंशांवर दोन्ही बाजूंना फोमचे उतरते ठोकळे.

२ एप्रिल

स्कॅनिंग. मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) पुरतं. आराखडे आणि पंखांचे नमुने ६०० डीपीआयवर, रंग-सुधारणा बंद, 'पानात बसवा' हा पर्याय बंद. या शेवटच्या पर्यायाने सगळ्यात जास्त नमुने बिघडतात. प्रिंटर गुपचूप पान ९७ टक्क्यांवर आणतो आणि कुणाला कळत नाही.

तपासणीसाठी पुस्तकातच एक पट्टी असते: नळीचा व्यास. एस्टीजची बीटी-५० नळी बाहेरून ०.९७६ इंच, म्हणजे २४.८ मिमी. ६०० डीपीआयवर पूर्ण मापातल्या आकृतीत ती ५८६ पिक्सेल रुंद यायला हवी. ५६८ आली तर आराखडा ९७ टक्क्यांवर आहे. बीटी-२० साठी १८.७ मिमी, बीटी-६० साठी ४१.६ मिमी. मोटरची नळी दिसत असेल तर नेहमीची १८ मिमी रुंद आणि ७० मिमी लांब.

माप आडवं आणि उभं दोन्ही घ्यायचं. कागद खेचून घेणारा स्कॅनर एका दिशेनेच ताणतो, आडवं बरोबर आणि उभं दोन टक्के जास्त असं होतं. म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पोलादी पट्टी आडवी आणि उभी ठेवून एक एक स्कॅन. काचेवर पान ठेवणारा स्कॅनर असला तरी हे करायचं. त्यावर ताण येत नाही, पण कण्याजवळचं पान काचेपासून उचललेलं राहतं आणि तिथली रेघ अरुंद येते.

३ टक्क्यांचं एवढं कौतुक का? नळी बाजारातली पूर्ण मापाची आणि पंख ९७ टक्क्यांचे. पंखांचं क्षेत्रफळ ०.९७ चा वर्ग, म्हणजे ०.९४. बॅरोमनच्या सूत्रात पंखांचा वाटा पंख नळीपासून बाहेर जितका जातो त्या मापाच्या व नळीच्या व्यासाच्या गुणोत्तराच्या वर्गाने जातो, तोही सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. दाबकेंद्र पुढे सरकतं. मूळ आराखडा ऐसपैस स्थिर असेल तर फरक पडत नाही. गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र यांत जेमतेम नळीच्या एका व्यासाचं अंतर ठेवलेला असेल तर पडतो.

१९ एप्रिल

हक्कांचं. १९६५ च्या अमेरिकी पुस्तकाचा हक्क आपोआप नूतनीकृत झालेला धरायचा, ९५ वर्षं, म्हणजे २०६० अखेरपर्यंत. छपाई थांबली म्हणजे हक्क संपला असा समज सर्रास आहे, तो चूक. १९६० च्या पुस्तकाचं वेगळं: १९६३ पर्यंतच्या पुस्तकांना २८ व्या वर्षी नूतनीकरण करावं लागे. केलं असेल तर २०५५ अखेरपर्यंत, नसेल तर मुक्त. ते नूतनीकरणाच्या नोंदींत बघितल्याशिवाय ठरवायचं नाही. आमचे स्कॅन तोवर जतनापुरते. इतरांना द्यायची ती सूची, पानांची संख्या आणि कोणत्या आवृत्तीत काय आहे त्याचा तक्ता.

५ मे

साठवण. टिपणं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत, आत आम्लविरहित पुठ्ठा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, ती शाई ओढतात आणि चिकट होतात. पुस्तकं उभी, शेजारच्याचा हलका आधार देऊन. तिरकी ठेवली की गोंदाचा कणा वळतो आणि पुन्हा सरळ होत नाही. आर्द्रता ३५ ते ५० टक्के, खोली वीस अंशांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर.

नव्याने आलेलं प्रत्येक पुस्तक आधी वेगळं. कसर असेल तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे, बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. बुरशीचा वास असेल तर बंद डब्यात सक्रिय कोळशासोबत, कोळसा पुस्तकाला न टेकता. वास काढायला सुगंधी पावडर टाकणारे विक्रेते आहेत. ती पावडर कण्यात बसते आणि बुरशी तशीच राहते.

ब्रिन्लीची प्रत याच आठवड्यात आली. स्वस्त कागदावरची, कडा चहासारख्या तपकिरी, कोपरा दुमडला की मोडतो. आत रॉकेटविषयक लेखक व्हिली ले यांची प्रस्तावना शाबूत. तिला पाकीट, पुठ्ठा आणि लाल चिठ्ठी: 'स्कॅनवरून वाचावी, प्रत उघडू नये'.

२४ मे

नियतकालिकाचा तक्ता केला. आडवे महिने, उभी वर्षं, नोव्हेंबर १९६८ ते फेब्रुवारी १९७२. प्रत्येक महिन्याला अंक निघालाच असं गृहीत धरलं नाही. चौकोनात खूण करताना खंड आणि अंक क्रमांक दोन्ही लिहितो, आणि क्रमांकांत उडी दिसली तरच 'हवा' म्हणायचं. महिना रिकामा पण क्रमांक सलग असेल तर तो अंक निघालेलाच नाही.

विक्रेते 'पूर्ण संच' म्हणतात तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या अंकाचा फोटो मागायचा. हे दोन बहुतेक वेळा नसतात. पहिला अंक जपून ठेवणारे वेगळा विकतात, शेवटचा अनेक वर्गणीदारांनी जपलाच नाही.

८ जून

आज शिल्लक: हँडबुकची पहिली आवृत्ती, मागे फक्त १९६५ असं एकच वर्ष असलेली. टीआयआर-३३. 'रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड'ची पहिली छपाई, छोट्या प्रकाशकाची असल्याने ग्रंथालयांच्या सूचीत विरळ, छंदिष्टांच्या घरांतूनच यायची शक्यता. नियतकालिकाचे चार चौकोन. 'टॉपिक्स' देवघेवीतून आलं आहे, परतीची तारीख २९ जून, त्याआधी चिन्हांचा तक्ता हाताने उतरवून घ्यायचा.